गुरुवारी अकरा ते बारा कारखाना बंद

॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥

टेमघर, भिवंडी.
गुरुवार, सकाळचे सव्वादहा (लाल दिवा चालू).

आदरणीय व्याही श्री. जीवनशेठ यांस,

टेमघरहून दौलतचा नमस्कार. विहीणबाईंनाही आम्हा दोघांचा नमस्कार सांगावा आणि धाकट्या भाविकाला आशीर्वाद. मंडपाच्या शिडीवरून उतरताना आपला गुडघा दुखावला, तो आता कसा आहे? आमच्या सौ. हौसाचं म्हणणं, निर्गुडीचा पाला गरम करून बांधावा. माझं म्हणणं, मंडपवाल्याने साठीनंतर शिडी धरावी, चढू नये. दोन्ही उपाय एकदम केले तरी चालतील. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, निदान पत्राच्या या ओळीपर्यंत तरी आहोत.

फोन सोडून पत्र का, असं आपल्या मनात येईल. कारण असं की मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा मला घरात बोलायला मनाई आहे. दुसऱ्या कोणी घातली असती तर मी मानली नसती, पण ती मीच घातली आहे आणि स्वयंपाकघरातल्या फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेली आहे. बाहेर जाऊन फोन करावा, तर बाहेर शेजारच्या खलीलभाईंच्या कापड कारखान्याच्या आवाजात आपण काय बोलता ते मला ऐकू येत नाही (मी काय बोलतो ते आपल्याला ऐकू येतं, आणि आमच्या प्रितेशच्या मते नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनाही). म्हणून हे लेखी. सूनबाई रुचिकाने एव्हाना आपल्याला काहीतरी सांगितलं असेलच. तिची बाजू खरी आहे. माझी बाजू सविस्तर आहे.

आपल्या मुलीला कंपनीने हायब्रीड काम दिलं तेव्हा मला हायब्रीड फक्त बियाण्यातलं ठाऊक होतं. प्रितेशने समजावलं की आठवड्यातले तीन दिवस ऐरोलीच्या ऑफिसात जायचं आणि मंगळवार-गुरुवार घरून काम करायचं. टेमघरहून ऐरोली तशी काही लांब नाही, पण मधे सगळ्या देशाचा माल उभा असतो. मानकोलीला कंटेनरच्या मागे पोर दीड-दीड तास बसून राही आणि घरी येऊन न बोलता जेवे. त्यामुळे हे दोन दिवस म्हणजे आम्हाला देवाने दिल्यासारखे वाटले. पण त्यात एक मेख होती. हे तीन महिन्यांच्या बोलीवर होतं. तीन महिने झाले की निशा मॅडम म्हणून तिच्या साहेब आहेत, त्या ठरवणार की घर कामाला योग्य आहे की नाही. नसेल तर पाचही दिवस ऐरोली, आणि मग तिथेच फ्लॅट. आमच्या चिरंजीवांनी तो बघूनही ठेवला होता. सातवा मजला, हॉल, किचन आणि एक बेडरूम. मी आणि हौसा एका वेळी गेलो तर एकाने गॅलरीत उभं राहावं, अशी सोय आहे.

मी रुचिकाला विचारलं, सूनबाई, तुझ्या मनात काय आहे? ती म्हणाली, "बाबा, मला इथेच बरं वाटतं. फक्त तुम्ही काही करू नका." पहिलं वाक्य ऐकून मला इतकं बरं वाटलं की दुसऱ्याकडे माझं दुर्लक्ष झालं. शिवाय आपल्या घरचे संस्कारच असे आहेत की मुलगी कोणाला तसदी देणार नाही, असं मी धरून चाललो.

आपल्याला ठाऊक आहे, मी तीस वर्षं साइझिंगमध्ये काढली (सुताला कांजी पाजून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, चढण्याजोगं करायचं, ते काम), आणि त्यातली अठरा वर्षं शिफ्ट लावण्यात. माणूस आणि मशीन वेळेवर समोरासमोर आणलं की काम होतं, हा माझा अनुभव. त्यात प्रितेशच्या मोबाईलवर एक लेख आला की नीट नियोजन आणि चांगलं तंत्रज्ञान असेल तर हायब्रीड काम हमखास यशस्वी होतं. लेख कोणी लिहिला होता ते समजलं नाही, पण त्याच्या घरी हौसा नसावी.

लेखात पहिलं होतं, स्वतंत्र जागा हवी आणि भिंतींनी आवाज शोषून घ्यावा. वरची खोली मी रिकामी केली. तिथे आपण पाठवलेल्या वाडा कोलमच्या गोणी होत्या, त्या मी कारखान्याकडच्या भिंतीला छातीइतक्या उंच लावल्या. आवाज थोडा कमी झाला, असं मला वाटतं. पण आता त्यातली एक गोणी काढली की भिंतीला खिंडार पडतं, म्हणून गेले तीन महिने आम्ही दुकानातून तांदूळ आणून खातो आहोत. कोलम कसा निघाला म्हणून आपण दोनदा विचारलंत आणि मी दोन्ही वेळा फार चांगला म्हणालो. तो भिंतीला फार चांगला आहे.

मग नियोजन. स्वयंपाकघरात फळा टांगला आणि त्यावर घराची शिफ्ट लावली. मिक्सर सकाळी सात ते पावणेनऊ. कुकरच्या शिट्ट्या जेवणाच्या सुट्टीत. भांडी साडेसहानंतर. खोकला शक्यतो सुट्टीत (हे हौसासाठी होतं आणि यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, ते नियोजनाच्या दृष्टीने सोयीचंच झालं). खोलीच्या दारावर लाल दिवा बसवला. लाल असेल तर सूनबाई मीटिंगमध्ये आहे, सगळ्यांनी गप्प. दिव्याचं बटण रुचिकाच्या हाताशी दिलं. पहिल्याच मंगळवारी ती बटण बंद करायला विसरली, आणि हौसा चहाचा कप घेऊन दाराबाहेर एक तास चाळीस मिनिटं उभी राहिली. रुचिका पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा हौसाने तिला तोच चहा दिला आणि तिने तो प्यायला. आपल्या मुलीचं मन मला त्या दिवशी कळलं.

तंत्रज्ञानात इन्व्हर्टर आला, इंटरनेटच्या दोन लाइनी आल्या, आणि कंपनीने तिला कानावर लावायचं एक यंत्र दिलं. बोलायची दांडी त्यालाच आहे. या यंत्राबद्दल पुढे येईल.

आता खलीलभाई. आपण त्यांना लग्नात पाहिलं आहे. पांढरी दाढी, जेवणाच्या पंगतीत मीठ वाढत होते ते. आमच्या घराची आणि त्यांच्या कारखान्याची भिंत एक. बत्तीस वर्षं त्या भिंतीपलीकडे सोळा लूम चालू आहेत, शुक्रवारची सुट्टी सोडून. त्यामुळे आमच्या गल्लीत हळू कोणी बोलत नाही. मुलं रडतात तीसुद्धा जोर लावून. साखरपुड्याला आपण मला बाजूला घेऊन विचारलं होतं की विहीणबाई रागावल्या आहेत का, तेव्हा हौसा फक्त पोहे आणखी हवेत का म्हणून विचारत होती.

मी आधी कंपनीला सुचवून पाहिलं की शुक्रवार घरचा धरा, त्या दिवशी लूम बंद असतात (रुचिकाने ते पुढे कळवलं की नाही ते माहीत नाही, तिचा चेहरा काही सांगत नव्हता). तिथून काही झालं नाही. तीन महिने संपत आले आणि निशा मॅडमसमोर रुचिकाने सगळं काम मांडून दाखवायचा दिवस ठरला, दोन आठवड्यांपूर्वीचा गुरुवार, अकरा ते बारा. त्रेपन्न माणसं ऐकणार. मी मनाशी म्हटलं, बाकी सगळं झालं, एक भिंतीपलीकडचं राहिलं. आणि खलीलभाईंकडे जाऊन शब्द टाकला की तेवढा एक तास कारखाना बंद ठेवाल का.

जीवनशेठ, चालता लूम मधेच थांबवला की पुन्हा सुरू करताना कापडावर आडवी रेघ उठते. सोळा लूम म्हणजे सोळा रेघा. तो माणूस दाढीवरून हात फिरवत एवढंच म्हणाला, "दौलतभाऊ, बेटी की नौकरी का सवाल है. बंद ठेवतो." माझे डोळे भरून आले. ही गोष्ट मी घरात कोणालाही सांगितली नाही. रुचिकाला ऐन वेळी शांतता भेट द्यावी, असा बेत होता.

अकराला पाच मिनिटं कमी असताना लाल दिवा लागला. बरोबर अकराला सोळाच्या सोळा लूम थांबले.

आमच्या गल्लीत भरदिवसा सगळे लूम एकदम थांबण्याचे दोनच अर्थ आहेत. लाइट गेली किंवा माणूस गेलं. लाइट होती. त्यामुळे अर्ध्या मिनिटात सगळी गल्ली बाहेर आली आणि खलीलभाईंच्या दारात उभी राहून, लूमच्या आवाजावर जो सूर लावायची जन्माची सवय, त्या सुरात एकमेकांना विचारू लागली की कोण गेलं. खलीलभाई बाहेर येऊन सांगत होते की मी जिवंत आहे, पण तेही त्याच सुरात. मी ओट्यावर धावलो आणि सगळ्यांना गप्प राहा म्हणून सांगू लागलो. रुचिकाच्या मते त्या तासाभरात त्रेपन्न माणसांना सगळ्यात स्पष्ट जो आवाज ऐकू आला तो "गप ऱ्हावा" असं म्हणणाऱ्या माणसाचा होता. मी मोजलं नाही, पण चाळीसेक वेळा म्हणालो असेन.

आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, वरच्या खोलीच्या बरोबर खिडकीखाली, ठकुबाई सुकट घेऊन बसली होती. सुकट विकायला ती दर गुरुवारी दिघाशीहून येते. फळ्यावर तिची वेळ लिहायची राहून गेली होती, ही माझी चूक मी मान्य करतो. तिने हौसाला विचारलं की वर लाल दिवा कसला. हौसाने तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं हौसाला हायब्रीडमधलं काही कळलेलं नाही, पण तिने निशा मॅडमच्या नावासकट सांगितलं. ती म्हणाली, "ती निशाबाय आमच्या सुनंला ऐरोलीला न्हेनार हाय. न्हेली तर मी बोलू कोनाशी? ह्यांच्याशी? ह्यांना काय ऐकू येत न्हाय. बत्तीस वर्सं मी भिंतीशी बोलते, आता कुठं एक पोर ऐकाया मिळाली."

जीवनशेठ, हे मी पंधरा हातांवरून ऐकलं. लूम बंद असल्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला. मी चाळिसाव्यांदा गप ऱ्हावा म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

आता ते यंत्र. आपल्या मुलीच्या कानावरचं ते यंत्र एकसुरी आवाज गाळून टाकतं. लूमचा आवाज एकसुरी. तो गेले तीन महिने यंत्र गाळत होतं, आणि आमचं घरातलं बोलणं, मिक्सर, हौसाचा खोकला, हे सगळं त्या लूमच्या आवाजाखाली दबून जात होतं. ऑफिसमध्ये रुचिकाच्या घराची ख्याती अशी होती की एवढं शांत घर कोणाचंच नाही. एका बाईंनी तर तिला विचारलं होतं की तुम्ही घरात एकट्याच असता का. म्हणजे मी काहीच करायला नको होतं, आणि लूम बंद करवणं तर मुळीच नको होतं. रुचिका म्हणते हे तिने मला तीनदा सांगितलं होतं. मला ऐकू आलं नव्हतं. लूम चालू होते.

मीटिंग संपली. रुचिका खाली आली, ताटावर बसली. आम्ही दोघं आरोपीसारखे उभे. ती हौसाला म्हणाली, "आई, मी कुठे जात नाही. तुम्ही जेवायला बसा." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, तुम्हीसुद्धा." त्या सुद्धाच्या आधी तिने जरा वेळ घेतला. पण हौसाने त्या दिवशी तिला वाढताना स्वतःच्या ताटात काही घेतलंच नाही आणि ते मी पाहिलं. पोर गेली असती तर या घराचं काय झालं असतं, हे मला तोपर्यंत कळलेलं नव्हतं. मी फक्त फळा लिहीत होतो.

सोमवारी कंपनीचं पत्र आलं. इंग्रजी होतं, प्रितेशने वाचलं. मॅडमना काम पसंत पडलं. पुढचे सहा महिने हायब्रीड मंजूर, आणि मग कायमचं बघू. अट एकच. त्या दिवशीचा प्रकार वगळता घरात जी नेहमीची शांतता असते ती कायम राहावी. म्हणजे, लूम चालू राहावेत. हौसाने पेढ्यांचा पुडा आणवून तो मॅडमना पाठव म्हणून रुचिकाच्या बॅगेत घातला (निशाबाय, असं नाव घातलेली चिठ्ठी रुचिकाने वेळेवर काढली).

आणि मंगळवारी खलीलभाईंचा मुलगा यहया भेटला. म्हणाला, अब्बा लूम विकतायत. यहया दोन वर्षं मागे लागला होता की लूम काढा, जागा गोडाऊनला देऊ, आणि खलीलभाई दोन वर्षं ऐकत नव्हते. मग आता काय झालं? तर म्हणे, त्या गुरुवारी गल्ली शांत झाल्यावर बारापर्यंत अब्बा आत खुर्चीवर बसले. डोक्यावरच्या पंख्याला आवाज आहे हे त्यांना बत्तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. चहा गरम असताना प्यायले. आणि घरी जाऊन म्हणाले, बस्स झालं, किती दिवस ही खटखट. म्हणजे रुचिकाची नोकरी ज्या आवाजावर उभी आहे तो मीच जाऊन बंद करवला आणि त्या माणसाला शांततेची चव लावली. तीस वर्षांच्या शिफ्टमध्ये असं नियोजन माझ्या हातून झालं नव्हतं.

तेव्हापासून गेले नऊ दिवस मी रोज चार वाजता कारखान्यात जाऊन बसतो. विषय अजून काढलेला नाही. कसा काढणार? एक तास बंद ठेवा म्हणून मीच गेलो होतो, आता कायम चालू ठेवा म्हणून कोणत्या तोंडाने सांगू? तुमचं म्हातारपण खटखटीत जाऊ द्या, आमच्या सुनेची मीटिंग आहे, असं शेजाऱ्याला सांगता येत नाही. म्हणून आम्ही चहा पितो आणि इकडचं तिकडचं बोलतो. आत्तापर्यंत गुडघे (त्यात आपलाही आला), खाडीतली पूर्वीची कोळंबी, त्यांची सातवीपर्यंतची मराठी शाळा आणि तिथले मारकुटे मास्तर, एवढं झालं. लूमच्या आवाजात तो माणूस माझं बोलणं ओठांवरून ओळखतो आणि मी त्याचं. इतकी वर्षं शेजारी राहून मी तिथे कधी बसलो नव्हतो.

असो. लाल दिवा विझला, म्हणजे रुचिका जेवायला खाली येईल. पत्र आवरतो. लहानथोरांस यथायोग्य सांगावं, आणि गुडघा जपावा.

आपला,
दौलत

ता. क. मूळ मुद्दा राहिला. आपला मंडपाचा धंदा आहे आणि मंडपाला कापड लागतं. यंदाचं पांढरं कोरं कापड आपण खलीलभाईंकडून विणून घ्यावं, अशी विनंती. सूत चांगलं असतं, मी स्वतः कांजी पाजलेलं आहे (निवृत्तीपूर्वीचं). ऑर्डर अशी द्यावी की एकदम नको, थोडं थोडं, दर मंगळवारी आणि गुरुवारी विणून मिळावं. का, असं त्यांनी विचारलं तर मुहूर्त सांगावा. माझं नाव कुठेही येऊ देऊ नये.

ता. क. २. प्रितेश म्हणतो, लूमचा आवाज मोबाईलवर भरून घेतला आणि खिडकीत लावला तरी काम भागेल, त्याला खरे लूम कशाला. असेल. पण मोबाईलला शेजारी म्हणता येत नाही. हे आपल्या दोघांतच ठेवावं आणि कापड सांगावं.

ता. क. ३. भाविकाचं लग्न ठरवताना मंगळवार-गुरुवार वगळून तारीख धरावी. रुचिकाची त्या दिवशी घरची ड्युटी असते. शुक्रवारही नको, लूम बंद असल्यामुळे आम्हाला त्या दिवशी घराबाहेर पडायची सवय नाही, सगळं ऐकू येतं.

ता. क. ४. खलीलभाईंचा टेम्पो दुपारी आपल्या अंबाडीला जातो, त्यांच्याच हाती हे पत्र देतो आहे. त्यांना मराठी वाचता येतं, म्हणून पाकीट नीट बंद केलं आहे. घरात गोंद नव्हता. भाताची खळ करून लावली, त्यात माझा हात बसलेला आहे.

(पाकिटाच्या मागच्या बाजूला, निळ्या पेनाने, वेगळ्या अक्षरात:)

जीवनभाऊंना खलीलचा सलाम. दौलतभाऊंनी खळ पातळ केली, पाकीट टेम्पोत बसायच्या आधीच उघडलं. वाचायचं नव्हतं, पण पहिल्या पानावर माझं नाव दिसलं. माफी असावी. लूम विकतोय हे खरं आहे, पण बारा. चार ठेवतोय, भिंतीकडचे. यहयाला परवाच सांगितलं की मंगळवारी आणि गुरुवारी मी कारखान्यात येणार, बाकी दिवस घरी. तो हसला, म्हणाला अब्बा, इसको भी हायब्रीड ही बोलते हैं. तेव्हा बेटीच्या नोकरीची फिकीर नको. कापड हवं असेल तर जरूर सांगा, नको असेल तरी चालेल. एकच मेहरबानी करा. हे दौलतभाऊंना एवढ्यात कळवू नका. त्यांना कळलं की चार वाजता यायचे बंद होतील, आणि आमचं अजून मास्तरांचंच चाललंय.